वक्तृत्वाआधी पहिला कागद

वकील म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे काळा डगला, चढा आवाज आणि साक्षीदाराला घाम फोडणारी उलटतपासणी उभी राहते. विधी महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पनाही बहुधा याहून फारशी निराळी नसते. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवणारा विद्यार्थी हा त्या वर्षाचा मानकरी ठरतो. अर्ज, दावा, शपथपत्र यांचे मसुदे नेटके लिहिणारा विद्यार्थी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. मोठ्या शहरांत ही उणीव झाकली जाते. तेथे नवा वकील ज्येष्ठांच्या कचेरीत चार-सहा वर्षे उमेदवारी करतो आणि लिहिण्याची कला तेथे शिकून घेतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत असा आधार फार थोड्यांना लाभतो. आणि नेमके येथेच बहुसंख्य प्रकरणांचे भवितव्य न्यायालयातील भाषणाच्या कितीतरी आधी, कुठल्याशा ठाण्यात, तहसिलीत अथवा ग्रामसभेत लिहिल्या गेलेल्या पहिल्या कागदावर ठरून जाते. कायद्याच्या शिक्षणाचा विचार या भागापुरता तरी त्या पहिल्या कागदापासून सुरू झाला पाहिजे.

याचा सर्वांत बोलका पुरावा याच भूमीने देशाला दिला आहे. देसाईगंज हे आज गडचिरोली जिल्ह्यात मोडते. १९७२ मध्ये ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या २६ मार्चच्या रात्री एका आईबापाविना वाढलेल्या आदिवासी मुलीला तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तेथील पोलीस ठाण्यात आणण्यात आले. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगण्यात आले, मुलीला मागे थांबवण्यात आले, आणि ठाण्यातील दोन पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला अशी तिची फिर्याद होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी आरोपींना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवून दोघांना शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. मुलीचे नावही त्या काळी सर्वतोमुखी झाले होते. ते येथे घेण्याचे कारण नाही, आणि अशा प्रकरणी पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास १९८३ पासून कायद्यानेच मनाई केली आहे.

या निकालाची चर्चा प्रामुख्याने स्त्रियांच्या हक्कांच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच होते. परंतु विधिशिक्षणाच्या दृष्टीने त्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आरडाओरडा आणि प्रतिकार केल्याचे मुलीचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने खरे मानले नाही, कारण तिच्या अंगावर इजेच्या खुणा आढळल्या नव्हत्या. दुसऱ्या आरोपीच्या बाबतीत तर पहिली खबर आणि साक्ष यांतील तफावतच निर्णायक ठरली. पहिल्या खबरीत अधिक गंभीर कृत्याचा आरोप ज्याच्यावर नोंदला गेला होता, त्याच्याऐवजी साक्षीत तो दुसऱ्यावर आला. सबब तिच्या शब्दावर विसंबता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आता खबर लिहून घेण्याचे काम कायद्याने पोलिसांचे. आरोपीही त्याच ठाण्यातले पोलीस. भेदरलेली, मोलमजुरी करणारी एक मुलगी जे बोलली ते कागदावर कसे उतरले, ते तिला तिच्या भाषेत परत वाचून दाखवले गेले काय, तिने कोणाकडे बोट दाखवले आणि कोणाचे नाव लिहिले गेले, हे सारे प्रश्न त्या रात्री तिच्या बाजूने विचारणारा एकही जाणकार माणूस तेथे नव्हता. त्या कागदाचे ओझे मात्र तिला थेट दिल्लीपर्यंत वाहावे लागले.

पुढे जे घडले तेही लिखाणाच्याच सामर्थ्याचे उदाहरण आहे. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. त्या पत्रात आवेश होता. परंतु त्याचे बळ आवेशात नव्हते. संमती आणि शरणागती या दोन गोष्टी भिन्न आहेत; प्रत्येक संमतीत शरण जाणे असू शकेल, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती नसते, हा भेद लेखकांनी काटेकोरपणे मांडला. रात्रीच्या वेळी पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अल्पवयीन, दरिद्री मुलीने प्रतिकार केला नाही, तर त्यावरून तिची संमती कशी सिद्ध होते, असा त्यांचा सवाल होता. स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेच १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात नापसंती व्यक्त केली होती; त्या निर्णयाचा या निकालपत्रात उल्लेखही नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. वस्तुस्थिती कोणती, अनुमान कोणते, कायद्याचा शब्द काय सांगतो आणि न्यायालयाने कोठे पाऊल चुकवले, असा क्रम त्या पत्राला होता. निकाल बदलला नाही. परंतु देशभर चळवळ उभी राहिली, विधी आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन, कोठडीतील अत्याचाराच्या प्रकरणी स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते गृहीतक कायम आहे.

कायदा बदलला, पण जिच्यामुळे बदलला तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. तिच्या बाजूने लिहिले गेलेले सर्वोत्तम कायदेशीर लिखाण त्या रात्रीनंतर साडेसात वर्षांनी, साऱ्या न्यायालयांचे दरवाजे बंद झाल्यावर लिहिले गेले. त्यातील शतांश कौशल्य जरी १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजला उपलब्ध असते, तरी प्रकरणाचा कागद निराळा झाला असता. विद्यापीठातील विद्वत्ता आणि तालुक्याच्या गावातील गरज यांच्यामधले हे अंतर कमी करणे हे या भागातील विधिशिक्षणाचे पहिले काम होय.

जंगलातील दावे

फौजदारी प्रकरणांपेक्षाही हे काम आज वनहक्कांच्या बाबतीत अधिक निकडीचे झाले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. वैयक्तिक दाव्यासाठी एक नमुना, सामूहिक हक्कांसाठी दुसरा, आणि २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर सामूहिक वनसंपत्तीसाठी तिसरा नमुना ठरवून दिला. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे आणि शेवटी जिल्हा समितीपुढे जातो. या पायऱ्यांवर वकील उभा असतोच असे नाही. म्हणजे येथे सारी वकिली कागदालाच करावी लागते.

आणि कायदा कागदाच्या बाबतीत वाटतो तितका कठोर नाही. नियमांनी पुराव्याची व्याप्ती मोठी ठेवली आहे. सरकारी दस्तऐवजांबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन, जमिनीवरील घरे, बांध, विहिरी यांसारख्या खुणा, वंशावळ, हे सारे पुरावा म्हणून चालते. वनखात्याने कधीकाळी अतिक्रमणाबद्दल केलेली गुन्ह्याची नोंद किंवा दंडाची पावती हीसुद्धा तो मनुष्य त्या काळी त्या जमिनीवर होता याची सरकारी कबुली ठरू शकते. परंतु हे ज्याला ठाऊक नाही तो दावेदार ‘आम्ही वाडवडिलांपासून ही जमीन कसत आहोत’ एवढे एक वाक्य लिहून अंगठा उमटवतो. तेच वाक्य चतुःसीमा, बांधाची लांबी, मोहाची झाडे, शेजाऱ्याचे निवेदन, दंडाच्या पावतीची तारीख आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा अशा क्रमाने लिहिले, तर समितीला ते सहजासहजी बाजूला सारता येत नाही. दोन्ही कागदांतील माणूस तोच, जमीन तीच. फरक केवळ लिहिणाऱ्याचा.

दावा फेटाळला गेला तर पुढचा कागद लागतो. फेटाळण्याची कारणे लेखी दिली पाहिजेत, दावेदाराला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, अमुकच एका प्रकारच्या पुराव्याचा हट्ट धरता येणार नाही, असे २०१२ चे नियम सांगतात. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध वा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध वरच्या समितीकडे जाण्यास ६० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांसाठी तर राज्यपालांनी २०२० मध्ये आपले घटनादत्त अधिकार वापरून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. हक्क आहेत, पायऱ्या आहेत, मुदती आहेत. अपील लिहिणारा हात मात्र नाही.

त्याची किंमत काय होऊ शकते हे २०१९ च्या फेब्रुवारीत दिसले. ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जंगलातून बाहेर काढावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी रोजी दिला. देशभरातील लाखो कुटुंबांवर टांगती तलवार आली. दावे फेटाळताना योग्य रीत पाळली गेली होती काय हे तपासावे लागेल, असे केंद्र सरकारने न्यायालयात सांगितल्यावर २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. म्हणजे लाखो संसारांचे भवितव्य पुन्हा एकदा एकाच प्रश्नावर येऊन थांबले : फेटाळणीचा कागद कसा लिहिला गेला होता?

उलट बाजूचे उदाहरणही याच जिल्ह्यातील आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून विकण्याचा प्रश्न सुटला नव्हता, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. वाद होता एका शब्दाचा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश होता. २००६ च्या कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले होते. बांबू जर वृक्ष, तर तो खात्याचा. गौण वनोपज, तर गावाचा. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा हा वाद गावापुरता मिटला. १९२७ च्या कायद्यातून बांबू वगळला गेला तो त्यानंतर, २०१७ मध्ये. मेंढ्याला हे साधले याचे कारण त्या गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अनेक वर्षे अभ्यासगट चालवले, कायदे वाचले, त्यांतील शब्दांचा कीस काढला. विधी महाविद्यालयाने जे काम करायचे ते येथे गावानेच केले. परंतु प्रत्येक गावाला मेंढ्यासारखी साथ लाभत नाही.

अभ्यासक्रमातील उणीव

कायद्याच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला स्थान नाही असे मात्र कोणी म्हणू नये. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत. त्यांत मसुदालेखनाचा विषय आहे, अभिरूप न्यायालय आहे, खटल्यांचे निरीक्षण आहे, पक्षकाराची मुलाखत घेण्याचे शिक्षण आहे. अभिरूप न्यायालयात निम्मे गुण लेखी निवेदनाला आणि निम्मे तोंडी युक्तिवादाला ठेवलेले आहेत. महाविद्यालयाला विधी सहाय्य केंद्रही चालवावे लागते. प्रश्न आहे तो या चौकटीत काय भरले जाते याचा.

मसुदालेखनाची यादी पाहिली तर तीत वादपत्र, कैफियत, शपथपत्र, जामीन अर्ज, अपील यांबरोबर खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि विश्वस्तपत्र येते. यांत गैर काहीच नाही. परंतु ही यादी ज्याच्याकडे विकायला, गहाण ठेवायला वा मागे ठेवून जायला मालमत्ता आहे अशा समाजाची आहे. ज्याची मालमत्ता अद्याप कागदावर आलेलीच नाही, त्याच्यासाठी या यादीत काही नाही. ग्रामसभेचा ठराव, सामूहिक वनहक्काचा दावा, वृद्धाचे निवेदन, फेटाळणीविरुद्धचे अपील, हत्तीने वा वाघाने केलेल्या हानीच्या भरपाईचा अर्ज, खाणीसाठी जमीन गेलेल्याची हरकत, हे या दोन जिल्ह्यांतील रोजचे मसुदे आहेत. चंद्रपूरच्या शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालयासारख्या संस्था या परिसरात आहेत. त्यांना व २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला ही यादी वाढवण्यासाठी कोणा दूरच्या तज्ज्ञाची वाट पाहण्याची गरज नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाईट मसुदा ही अशी वस्तू आहे की तिची किंमत ती बनवणाऱ्याला मोजावी लागत नाही. भामरागडहून गडचिरोलीपर्यंत पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून आलेला मनुष्य कागदातील त्रुटीपायी परत पाठवला जातो, तेव्हा दोन दिवसांची मजुरी, बसभाडे आणि मुक्कामाचा खर्च त्याच्या खिशातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला तर तेही जमत नाही, आणि मुदत उलटते. ज्याने अर्ज लिहिला त्याला त्याची शुल्काची रक्कम मिळालेली असते. जेथे चुकीचा भार चुकणाऱ्यावर पडत नाही तेथे बाजार आपण होऊन सुधारत नाही. आणि जेथे पक्षकार फी देऊ शकत नाही तेथे निष्णात वकील आपण होऊन जात नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. परंतु मदत मोफत असली म्हणून ती कसदार असतेच असे नाही. तो कस शिक्षणानेच येऊ शकतो.

ऐकण्याचे शिक्षण

लिहिण्याच्या आधी ऐकावे लागते, आणि या भागात ऐकणे ही सोपी गोष्ट नाही. माडिया, गोंडी, मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली अशा भाषा येथे शेजारी नांदतात. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. माडिया बोलणाऱ्या साक्षीदाराचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडून मराठीत, तेथून अपिलाच्या वेळी इंग्रजीत जाते. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते आणि काहीतरी चिकटते. तारीख, वय आणि अंतर यांच्या बाबतीत तर हे विशेष घडते. पेरणी, सण, दुष्काळ यांच्या आधाराने काळ सांगणाऱ्या माणसाकडून दिवस आणि घटका वदवून घेतल्या की विसंगती निघणारच. आणि तीच पुढे उलटतपासणीत खोटेपणाची खूण ठरते.

म्हणून न्यायालयीन युक्तिवादाच्या शिक्षणालाही येथे निराळे वळण द्यावे लागेल. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारणे, दोन नकारांचा प्रश्न टाळणे, भाषांतर चुकले तर तेथल्या तेथे हरकत नोंदवणे, साक्ष लिहून झाल्यावर ती साक्षीदाराला समजेल अशी वाचून दाखवण्याचा आग्रह धरणे, या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत. पण निकाल अशाच किरकोळ गोष्टींवर फिरतात. अभिरूप न्यायालयात एखादा साक्षीदार गोंडी बोलणारा असावा आणि मध्ये दुभाषी असावा, असा प्रयोग चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांइतक्या सहजतेने कोणाला करता येईल? वर्गात ती भाषा बोलणारे विद्यार्थी बसलेले असतातच. आज त्यांची भाषा ही त्यांची अडचण मानली जाते. तेथे ती त्यांचे सामर्थ्य ठरेल.

यावर काही आक्षेप संभवतात. विद्यार्थ्यांना सनद नसते, तेव्हा त्यांनी लोकांच्या प्रकरणांत हात का घालावा, हा पहिला. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सनदधारकांनाच दिला आहे, हे खरे. परंतु ग्रामसभेला दावा तयार करण्यास मदत करणे म्हणजे न्यायालयात उभे राहणे नव्हे. अध्यापकाच्या व अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली, प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून गेल्यावरच हे काम व्हावे. तशी शिस्त नसेल तर गरिबांचे दावे विद्यार्थ्यांच्या सरावाचे साहित्य बनतील, आणि ते सर्वस्वी अनुचित होईल.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या हिताचा. त्यांना नागपुरात, मुंबईत स्पर्धा करायची आहे. वनहक्काचे दावे लिहून त्यांचे पोट कसे भरणार? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. परंतु ज्याला विस्कळीत हकिकतीतून तारीखवार घटना काढता येतात, घटना आणि अनुमान वेगळे ठेवता येतात, प्रत्येक विधानाला पुरावा आणि प्रत्येक मागणीला कलम जोडता येते, त्याला कंपनीचा करारही लिहिता येईल. कौशल्य एकच आहे. फक्त ते अवघड जागी शिकलेले असेल. मराठीत नीट लिहिता येणे आणि इंग्रजीत नीट लिहिता येणे यांतही वैर नाही. ज्याचा विचार स्वभाषेत सुसूत्र नाही त्याचा इंग्रजी मसुदा केवळ जड शब्दांनी भरलेला असतो.

तेव्हा मागणी मोठी नाही. मसुदालेखनाच्या सक्तीच्या सरावांतील काही सराव वनहक्क, भरपाई आणि पहिली खबर यांवर असावेत. खटल्यांचे निरीक्षण करताना विद्यार्थ्याने साक्ष आणि तिची नोंद यांतील फरक टिपावा. विधी सहाय्य केंद्राने वर्षातून एकदा शिबिर भरवून छायाचित्रे काढण्याऐवजी चार-पाच ग्रामसभांशी कायमचे नाते जोडावे आणि फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण वाचावे. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे अनुदानही फारसे लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, विद्यापीठ आणि महाविद्यालये यांनी एकत्र बसून वेळापत्रक ठरवावे लागते. वक्तृत्वाच्या स्पर्धा होतच राहतील आणि त्या व्हाव्यात. पण ज्या जिल्ह्यातील एका मुलीच्या तोंडचे शब्द चुकीच्या हातांनी कागदावर उतरले, त्या जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वकिलाला निदान दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घेऊन खरेखुरे लिहिता आले पाहिजे. त्याशिवाय त्याच्या हाती पदवी देणे म्हणजे न उघडलेले पुस्तक वाचले असे प्रमाणपत्र देण्यासारखे आहे.